वीसची नोट आणि राहिलेले सोळा हजार

पत्र:

ताई, सप्रेम सलाम. मी कळव्याला चाळीत भाड्याच्या खोलीत राहते आणि माजिवड्याला तीन घरी स्वयंपाकाला जाते. महिन्याला १८,००० रुपये हातात येतात. यजमान एका सोसायटीत वॉचमन होते. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते घरीच आहेत. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. झटक्याच्या आधी आमच्या चर्चच्या मंडळीच्या सभागृहाच्या बांधकामासाठी प्रत्येक कुटुंबाने देणगीचा संकल्प लिहून दिला, तेव्हा आम्ही २५,००० लिहिले. ९,००० भरले, १६,००० राहिले. आता ज्यांचे पैसे राहिले त्यांची यादी नावांसह फळ्यावर लागली आहे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बायबलातल्या उपदेशक या पुस्तकातले वचन दाखवले, की नवस फेडायला उशीर करू नये. सारफथच्या विधवेने आधी देवाच्या माणसाला भाकर दिली म्हणून तिचे पीठ सरले नाही, असेही त्या म्हणाल्या. बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी कर्ज मिळेल, नाहीतर माझ्या आईच्या सोन्याच्या कुड्या मोडता येतील. मुलगी म्हणते, माझी परीक्षेची फी राहिली आहे आणि तुला चर्च सुचते. रविवारी मी अर्पणाच्या थैलीत वीसची नोट टाकते, तीही कुणाला दिसू नये म्हणून बारीक घडी घालून. गेले तीन रविवार लाजेने गेलेच नाही. एवढ्याशा देण्याचे देवाला काय वाटत असेल?

– एक बहीण, कळवा

उत्तर:

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

कारणे पुढे सविस्तर लिहिणारच आहे, पण तुम्ही हे रात्री कामे आटोपून वाचणार आणि शेवटपर्यंत डोळे उघडे राहतीलच असे नाही, म्हणून उत्तर आधी देते. कर्ज काढू नका. कुड्या मोडू नका. मुलीची फी आधी भरा. संकल्पाची राहिलेली रक्कम तुमच्या आजच्या ऐपतीप्रमाणे नव्याने ठरवून घेण्यासाठी पाळकसाहेबांना भेटा, आणि त्या भेटीचा निकाल काहीही लागो, येत्या रविवारी उपासनेला जा.

फळ्यावरच्या यादीबद्दल पहिल्यांदा बोलते, कारण तसल्या यादीचे पाप माझ्याही पदरी आहे. ठाण्यातल्या एका मंडळीत मी काही वर्षे खजिनदार होते. तिथेही बांधकाम अडले होते, ठेकेदार रोज फोन करत होता, आणि पंच कमिटीच्या बैठकीत राहिलेल्या रकमा नावांसह फळ्यावर लावण्याची सूचना मीच मांडली होती. दोन महिन्यांत वसुली वाढली आणि दोन कुटुंबे उपासनेला यायची थांबली. वाढलेली वसुली माझ्या वार्षिक अहवालात आली. त्या दोन कुटुंबांची नोंद कुठल्याच रकान्यात करता येत नव्हती. म्हणून तुमच्या मंडळीतली यादी ज्यांनी लावली ते दुष्ट आहेत असे मी म्हणणार नाही, त्यांना बिल भागवायचे आहे एवढेच. पण ती यादी म्हणजे देवाचे मत नव्हे, ते हिशेबाच्या वहीचे एक पान आहे, आणि खजिनदाराच्या खुर्चीतून माणसाला थकलेली रक्कम दिसते, ती का थकली ते दिसत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

घडी घातलेल्या नोटेविषयीही त्याच खुर्चीतून सांगण्यासारखे आहे. उपासना संपली की आम्ही दोघे जण थैल्या टेबलावर उपड्या करायचो, नोटा सरळ करून गठ्ठे लावायचो, नाणी वेगळी रचायचो, आणि एकूण रक्कम रजिस्टरात लिहून दोघे सही करायचो. कोणती नोट कुणाची हे त्या टेबलावर कुणालाही कळत नाही. चार-चार घड्या घातलेल्या नोटा मात्र एकेक करून उलगडाव्या लागतात आणि मोजणाऱ्याला त्यांचा वैताग येतो, तेव्हा निदान त्याच्यावर दया म्हणून तरी तुमची नोट सरळ टाकत जा. शिवाय हल्ली अर्धे लोक मोबाइलवरून क्यूआर कोडने पैसे पाठवतात आणि थैली तशीच पुढे सरकवतात, त्यामुळे कुणाचा हात रिकामा होता आणि कुणाचा नव्हता हे शेजारच्यालाही सांगता यायचे नाही.

आता मंदिराच्या पेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेकडे येते. तुम्ही तिचे नाव पत्रात घेतले नाही, पण अशा प्रसंगी तिच्यावर प्रवचन झाल्याशिवाय राहत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात सांगितलेल्या त्या दोन टोल्या त्या काळची सर्वांत लहान तांब्याची नाणी होती, आणि दोन मिळून रोमी चलनातले जे नाणे होई त्याला आपल्या मराठी बायबलात दमडी म्हटले आहे. अशा ६४ दमड्यांचा एक दीनार, आणि दीनार म्हणजे द्राक्षमळ्यात राबणाऱ्या मजुराचा एका दिवसाचा रोज. तुमच्या १८,००० रुपयांना तीस दिवसांनी भागले तर रोजचे ६०० पडतात, आणि त्याचा चौसष्टावा भाग होतो नऊ रुपये आणि वर थोडे पैसे. म्हणजे तुमची वीसची नोट त्या दोन टोल्यांच्या दुपटीहून जास्त भरते. तिच्याजवळ तेवढेच होते आणि तुमच्याजवळ महिन्याचे घर चालवायला काही उरते, हा फरक मी विसरलेली नाही. हिशेब मांडला तो एवढ्यासाठीच, की ज्या रकमेची तुम्हांला लाज वाटते तिच्या निम्म्याहून कमी रक्कम प्रभूने पाहिली, आणि शिष्यांना जवळ बोलावून तिच्याबद्दल सांगण्याइतकी ती त्याला मोठी वाटली. श्रीमंतांनी किती टाकले ते त्याने सांगितले नाही. त्यांनी आपल्या विपुलतेतून टाकले एवढेच सांगितले. त्याने मोजले ते टाकल्यावर मागे काय उरले यावरून.

या उताऱ्याबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती उताऱ्याविरुद्ध नसून तो वाचण्याच्या आपल्या सवयीविरुद्ध आहे. आपण तो नेहमी एकेचाळिसाव्या वचनापासून वाचायला सुरुवात करतो. त्याच्या लगेच वरच्या तीन वचनांत येशू शास्त्र्यांविषयी सावध करतो, आणि लांब झगे घालून मिरवणारे हे लोक विधवांची घरे खाऊन टाकतात असा त्यांच्यावर आरोप करतो. त्यानंतर लागलीच एक विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका मंदिराच्या पेटीत टाकते. पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात एक शिष्य मंदिराचे प्रचंड दगड बघून थक्क होतो, आणि येशू त्याला सांगतो की यातला दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर पाडलेही. वरचे आणि खालचे सोडून मधली चार वचने तेवढी उचलली, तर ती बाई वर्गणी गोळा करणाऱ्यांच्या फार सोयीची होते. येशूने तिला पेटीकडे बोलावले नव्हते, तिला रक्कम सांगितली नव्हती, आणि तिच्याकडे बोट दाखवून ‘तुम्हीही असेच करा’ असे शिष्यांनाही तो म्हणाला नाही. त्याने तिचे देणे पाहिले आणि त्याचे खरे मोल सांगितले. तिच्या विश्वासासमोर मी मान लववते, पण तिच्या गोष्टीचा उपयोग दुसऱ्या गरीब बाईवर आकडा बसवण्यासाठी कुणी करू लागले तर मला वरचे चाळिसावे वचन आठवते.

नवसाचे म्हणाल तर त्या बाईंनी दाखवलेले वचन खरे आहे. उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात ते आहे, आणि बोललेला शब्द पाळावा अशी तळमळ तुम्हांला वाटते ही तुमच्या विश्वासाला शोभणारीच गोष्ट आहे. पण नवस करणाऱ्यावर गरिबी आली तर काय करायचे, याचा नियमही शास्त्रात घालून दिलेला आहे आणि तो लेवीय पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. माणसाने स्वतःला परमेश्वराला वाहण्याचा नवस केला तर त्याचे मोल तिथे ठरवून दिले आहे, वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचे पन्नास शेकेल रुपे आणि स्त्रीचे तीस शेकेल, आणि ही यादी संपताच आठवे वचन येते: नवस करणारा ते मोल देण्याच्या ऐपतीचा नसेल तर त्याला याजकापुढे आणावे आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावे. त्यात त्या माणसाला शिक्षा सांगितलेली नाही आणि नवस मोडल्याचा ठपकाही ठेवलेला नाही. मोल ठरवण्याचे काम याजकाचे, आणि आधार नवस करणाऱ्याच्या ऐपतीचा. तुम्ही पाळकसाहेबांकडे जाल तेव्हा सवलतीची भीक मागायला जात नाही, तर नियमशास्त्रात ज्या भेटीची तरतूद केलेली आहे तीच भेट घ्यायला जाता, हे मनात पक्के धरून जा.

आणि ही तरतूद एकटी नाही. पापार्पणासाठी मेंढरू आणायची ऐपत नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले आणावीत, तीही परवडत नसतील त्याने एफाचा दहावा हिस्सा, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापाएवढे, सपीठ आणावे, असे लेवीय पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणासाठीही कोकरू नसेल तर पाखरांची सोय होती, आणि मरीया व योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमेला गेले तेव्हा त्यांनी पाखरेच अर्पण केली असे लूकाच्या दुसऱ्या अध्यायावरून दिसते. ज्या घरात प्रभू वाढला ते घर मंदिराच्या दारात गरिबांच्या सवलतीने गेले होते.

सारफथच्या विधवेची गोष्ट तुम्हांला सांगणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच असेल. देवाच्या त्या माणसाने, एलीया संदेष्ट्याने, ‘आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर’ असे म्हटले हेही खरे. पण त्या बाईने मडक्यात होते ते पीठ मळले. शेजारणीकडून व्याजाने पीठ आणून भाकर थापली नाही. तिला वचन मिळाले ते एलीयाच्या तोंडून, आणि तोच एलीया पुढचे कित्येक दिवस त्याच मडक्यातले तिच्याबरोबर आणि तिच्या मुलाबरोबर जेवला. तुम्ही १६,००० रुपये महिना दोन टक्क्यांनी काढलेत तर पहिल्या महिन्यालाच ३२० रुपये व्याजाचे जातील. ते देवाच्या कामात जाणार नाहीत आणि यजमानांच्या औषधातही जाणार नाहीत. दुसऱ्याचे पैसे उचलून दिलेले दान आपले होत नाही, आणि हप्ता चुकला तर त्याचा बोजा गटातल्या तुमच्यासारख्याच नऊ-दहा बायकांवर पडतो.

मुलीच्या बोलण्याने तुम्हांला वाईट वाटले आहे हे पत्राच्या ओळींवरून कळते. तिला अविश्वासू समजू नका. ती जे बोलली तेच येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात परूशी पंथाच्या लोकांना ऐकवले आहे. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले, असे जाहीर करायचे आणि त्यांच्यासाठी काही करायची जबाबदारी झटकून टाकायची, या रीतीने तुम्ही देवाचे वचन रद्द करता, असे तो म्हणाला. तिथे आईबाप होते, इथे मुलगी आहे आणि अंथरुणावरचा नवरा आहे. घरच्यांच्या तोंडचा घास काढून तो वेदीवर ठेवला तर देवाला चालत नाही, हे दोन्हीकडे सारखेच. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना याचे घरचेच उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हाताला येईल ते देऊन टाकणारे पुरुष होते आणि त्यांच्या उदारपणाचे कौतुक आपण आजही करतो. पण चूल पेटवायची वेळ आली की काय करायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायचा. द्यायचे किती हे ठरवताना मुलीला शेजारी बसवा, महिन्याचा हिशेब तिच्यापुढे ठेवा. वाणिज्य शिकते आहे, आकडे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा बरे कळतील.

कुड्यांविषयी फार लिहीत नाही. त्या आईच्या आहेत, मुलीच्या व्हाव्यात, आणि उद्या यजमानांना अचानक दवाखान्यात न्यावे लागले तर त्याच कामाला येतील. ‘ज्याला मला मोल पडले नाही ते मी देवाला अर्पण करणार नाही’ हे दावीदाचे बोलणे कुणी पुढे केले, तर ते बोलणारा राजा होता, फुकट मिळणारे खळे आणि बैल नाकारून त्याने त्यांचे पन्नास शेकेल रुपे मोजले, आणि ती रक्कम त्याच्याजवळ होती, एवढे सांगा आणि विषय मिटवा.

इथवर मी फक्त एकाच बाजूने लिहीत आले, तर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. ऐपतीबाहेर दिलेले दानही पवित्र शास्त्रात आहे. मासेदोनियातल्या मंडळ्या अगदी दरिद्री असताना त्यांनी यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी आपल्या शक्तीपलीकडे दिले, आणि प्रेषित पौल त्यांचे कौतुक करतो. पण २ करिंथच्या त्याच आठव्या अध्यायात तो सांगतो, की त्यांनी ते आपखुशीने दिले, आम्हांला घ्या म्हणून स्वतःच विनवण्या केल्या. पुढे बाराव्या वचनात म्हणतो, की उत्सुकता असली म्हणजे जवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, जवळ जे नाही त्याप्रमाणे नव्हे. आणि तेराव्यात म्हणतो, की दुसऱ्यांना सुख व्हावे आणि तुम्ही ओझ्याखाली यावे असा माझा हेतू नाही. एखाद्या रविवारी तुम्हांला आतून वाटले आणि विसाच्या जागी पन्नास टाकले, आणि त्या आठवड्यात चहात दूध थोडे कमी घातले, तर मी तुम्हांला अडवणार नाही, उलट तुमच्याबरोबर आनंदच करीन. पण फळ्यावरचे नाव पुसले जावे म्हणून टाकलेली नोट आणि अशी नोट यांतला फरक तुमचा तुम्हांलाच कळेल. मोजणीच्या टेबलावर तो कळत नाही.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. दळायला बसण्याआधी ती बाजरीची एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची, आणि महिन्याअखेरीस मंडळीचे मास्तर येऊन ते गाडगे घेऊन जायचे. ही पद्धत तिच्या एकटीची नव्हती. तिकडे मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ देवासाठी काढून ठेवण्याची रीत १९१० पासून चालू आहे, आणि आपल्या ठाण्यातली ईस्ट इंडियन कुटुंबे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा या सुगीच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात त्यामागेही हाच भाव आहे. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर जात होती आणि घरात सरकारी मिलो ज्वारी शिजत होती. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. त्या वर्षी तिची मूठ लहान होत-होत दोन बोटांच्या चिमटीवर आली, आणि त्या चिमटीला गाडगे मात्र तेच मोठे होते. ‘एवढे टाकून काय उपयोग’ असे मी विचारल्याचे मला आठवते. तिने काही उत्तर दिले नाही, झाकण लावले आणि जात्यावर बसली. महिन्याअखेरीस मास्तरांनी सगळी गाडगी एका पोत्यावर उपडी केली, आणि त्यातून ज्यांच्या घरी काहीच नव्हते त्यांना वाटणी केली. त्यात आजीचाही नंबर लागला. तिने वर्षभरात टाकले असेल त्याहून जास्त धान्य तिच्या ओटीत पडले, आणि ते तिने पदर पुढे करून, सगळ्यांच्या देखत, जराही न लाजता घेतले.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती एक न लिहिलेली गोष्ट. दीड वर्ष यजमान अंथरुणावर आहेत, आणि मंडळीतून कुणी पिशवीभर सामान घेऊन, निदान प्रार्थनेला म्हणून, तुमच्या खोलीवर आल्याचे एक वाक्यही त्यात नाही. कदाचित कुणी आले असेल आणि लिहायचे राहिले असेल. पण तुम्ही देणेकऱ्यांच्या रांगेत स्वतःला इतके पक्के उभे केले आहे, की तुमचे काही घेणेही आहे हे तुमच्या मनात आलेलेच नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवून लेवी, उपरे, पोरके आणि विधवा यांनी तो खाऊन तृप्त व्हावे असे सांगितले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात मंडळीने सात सेवक निवडले ते कशासाठी, तर रोजच्या वाटणीत काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते म्हणून. अर्पणाची थैली पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी उघडी होती. आपण घेण्याची बाजू शिवून टाकली, कारण घेणाऱ्याला कमीपणा येतो असे आपल्याला वाटते. पुष्कळ मंडळ्यांत गरजूंसाठी वेगळा निधी असतो, आणि तो वर्षअखेरीस तसाच पडून राहिलेला मी स्वतः पाहिला आहे, कारण मागायला कुणी येत नाही. यजमानांच्या औषधासाठी किंवा मुलीच्या फीसाठी त्यातून काही मिळेल का, हे पाळकसाहेबांना त्याच भेटीत विचारा. यजमानांच्या व्यायामोपचाराचा खर्च भारी पडत असेल, तर कळव्यातच महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. तिथल्या ओपीडीत एकदा चौकशी करून पाहा.

पैसे जमत नाहीत तर श्रम द्या, स्नेहभोजनाच्या दिवशी पोळ्या करायला या, असेही तुम्हांला कुणीतरी सुचवील. बायकांना हे फार लवकर सुचवले जाते. आठवड्याचे सहा दिवस तीन घरच्या पोळ्या लाटून सातव्या दिवशी तुमच्या मनगटाला विसावा हवा असेल तर तसे सांगा. तो विसावाही देवानेच घालून दिलेला आहे. मैत्रिणींबरोबर स्वयंपाकघरात उभे राहून गप्पा मारत काम करणे तुम्हांला आवडत असेल तर अवश्य जा, पण सोळा हजारांच्या बदल्यात नव्हे.

आता भेटीचे. पाळकसाहेबांना उपासनेनंतरच्या गर्दीत गाठू नका, फोन करून वेळ घ्या, आणि बोलताना कंठ दाटून येईल असे वाटत असेल तर चार ओळी लिहून न्या. मी लिहिले असते ते असे: ‘आम्ही बांधकामासाठी २५,००० रुपयांचा संकल्प केला होता. त्यापैकी ९,००० भरले आहेत. त्यानंतर यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि घरात मिळवणारी मी एकटीच राहिले. लेवीय २७:८ प्रमाणे आमची रक्कम आमच्या ऐपतीप्रमाणे ठरवावी आणि राहिलेल्या रकमांच्या यादीतून आमचे नाव काढावे, ही विनंती.’ वचन लिहायला संकोच करू नका. आपल्या पाळकांना वचनाचा संदर्भ दिलेला आवडतो.

ते भरलेल्या ९,००० वरच संकल्प पूर्ण झाला असे ठरवतील, किंवा महिना शंभर-पन्नास सुचवतील. शंभर जड वाटत असतील तर तिथेच सांगा, घरी येऊन रात्रभर विचार करत बसू नका. काहीही ठरले तरी ते बांधकामाच्या वहीत जुन्या आकड्यापुढे लिहून घ्या, त्यापुढे खजिनदाराची सही घ्या, आणि त्या पानाचा मुलीच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कमिटी बदलली तरी जुना सोळा हजारांचा आकडा पुन्हा फळ्यावर चढणार नाही.